वरून लक्ष ठेवणारा भाचा

सातपाटीची माझी मावशी बांबूंवर बोंबील वाळत घालताना मध्येच थांबायची आणि आभाळाकडे बघून हात हलवायची. नवख्याला वाटे, म्हातारी देवाशी बोलते. पण तो मान माझा होता.

चूक माझीच. दक्षिण ध्रुवावरचा बर्फ किती खचला, हे मी पालघरला बसून उपग्रहाच्या मोजमापांवरून बघतो. नोकरी लागली तेव्हा ऐटीत मावशीला सांगितलं, की आमचा उपग्रह ध्रुवांवरून फेऱ्या मारतो, त्यामुळे कधीकधी तुझ्या घरावरूनही जातो. तिने त्यातलं शेवटचं तेवढं लक्षात ठेवलं. सून बोंबील उघडे टाकून गप्पा मारायला गेली, की मावशी बजावायची, "बाला वरून बगतंय." सून बिचारी माझ्याशी जपून वागायची.

घर अगदी किनाऱ्याला. उधाणाचं पाणी बंधारा ओलांडून ओट्याला लागलं, तेव्हा तिने विचारलं, "तिकरचा बरफ विरगलला तं पानी माज्या दारात येल का?" मी सरासरी, अंदाज, शक्यता असं बरंच बोललो. तिने सगळं ऐकून चहा दिला. तिच्या मुलाने बोईसरला फ्लॅट घेतला होता. तू सांगितलंस तरच आई हलेल, म्हणून तो माझ्या मागे लागला होता. बर्फाबद्दल मी छातीठोक बोलतो, पण म्हातारीला घर सोड म्हणताना माझी बोबडी वळायची. शेवटी पाणी चुलीपर्यंत आलं आणि मी "जा" म्हणालो.

तिने कुलूप लावलं. मग म्हणाली, "आता तूच बग घराकरं."

आमचा उपग्रह बर्फाची उंची मोजतो, मावशीचं घर त्याला काय दिसणार! तरी मी "बघतो" म्हणालो. मग दर रविवारी तिचा फोन यायचा, "घर हाय ना?" त्याआधी मी स्कूटरने सातपाटीला जाऊन घर बघून आलेलो असे. उपग्रहशास्त्रात ही पद्धत अजून कुणी सुचवलेली नाही.

मावशी गेली, तरी रविवारची फेरी सुटली नाही. परवाच्या उधाणानंतर गेलो, तर ओटा नव्हता आणि समुद्राकडची भिंत आडवी झाली होती. फोनची वेळ झाली. तिला हे सांगावं लागलं नाही, याचं बरं वाटायला हवं होतं, पण रडूच आलं.

मी आभाळाकडे बघून हात हलवला. शेजारणीने विचारलं, वर कोण आहे?

"मावशी," मी म्हणालो.