लेनची शेवटची बाटली

क्लॅरी टेश्नरने मेंढी वाचवली आणि बाटली घालवली. मेंढी त्याच्या ओळखीचीही नव्हती. वळणावर आडवी आली, क्लॅरी ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिला, शेजारच्या सीटवरची बाटली खाली गडगडली आणि तिच्यावर टेस कुत्री आपल्या सगळ्या वजनासकट पडली. बाटली फुटली नाही. पण उजेडात धरून पाहिली तर तेवीस वर्षं तळाशी निमूट बसलेला गाळ वरपर्यंत उसळलेला. पुरातली ब्रेमर नदी बाटलीत भरावी तशी ती दिसत होती.

ही लेनची शेवटची बाटली. लेन गेला त्या वर्षीच्या कॅबरने आणि शिराझ द्राक्षांच्या वाइनची. कुठलं किती मिसळलं ते त्याने बायकोला, नोएलीनलाही सांगितलं नव्हतं. नोएलीनचं घर पत्र्याचं, उन्हाळ्यात भट्टी होणारं, म्हणून बाटली क्लॅरीच्या तळघरात ठेवलेली. ती उघडायची ती आज, नोएलीनच्या ऐंशीव्या वाढदिवसाला. तिने एवढंच बजावलं होतं, "आठवडाभर उभी ठेव. आणताना मांडीवर घे." आठवडाभर त्याने उभी ठेवली. मांडीवर घ्यायचं तेवढं राहिलं.

नोएलीनचं बोलणं असंच, मोजकं. तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. आज लँगहॉर्न क्रीक गावात जे कोणी मिशा बाळगून हिंडतात, त्यातल्या बहुतेकांना तिने कधी ना कधी मस्तीबद्दल बसमधून उतरवून घरापर्यंत चालायला लावलंय. लेन गेल्यावर द्राक्षमळा विकत घ्यायला माणसं आली. तिने त्यांना चहा पाजला, नाही म्हणाली आणि वाटेला लावलं. हिवाळ्यात नदी चढली की गमबूट घालून ती स्वतः बांधाचं दार उघडते, आपल्या वेलींना पोटभर पाजते, मग पाणी पुढे शेजारच्या क्लॅरीच्या मळ्याकडे वळवते आणि त्याला फोन करते. "पाणी सोडलंय." खाडकन बंद. या बाईसमोर गढूळ बाटली घेऊन कसं उभं राहायचं?

क्लॅरीने गाडी वळवली. तळघरातून त्याच वर्षीची स्वतःची वाइन काढली, काचेच्या सुरईत ओतली आणि लेनची बाटली कोटात गुंडाळून सीटखाली सारली. वाढदिवसाच्या हॉलमध्ये पोचल्यावर, लेनची वाइन घरूनच निवळून आणली, असं तो म्हणाला. म्हणताना त्याने हॅमच्या थाळीकडे पाहिलं.

आता क्लॅरीच्या वाइनबद्दल. स्थळ बघून आल्यावर लोक 'मुलगी स्वभावाने चांगली आहे' म्हणतात ना, तसं गावच्या प्रदर्शनात परीक्षक तिला दरवर्षी 'प्रामाणिक' म्हणत. बक्षीस दुसऱ्याला.

फुटबॉल क्लबच्या डॅरिलने पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "हा लेनचा हात. हा दुसऱ्या कोणाचा असूच शकत नाही." मग क्लॅरीच्या पाठीवर थाप मारून, "घे रे क्लॅरी, नीट चव घे. या वयातही शिकता येतं."

लोक हसले. एका म्हातारीने डोळे पुसले. लेनच्या आठवणी निघाल्या, आणि क्लॅरीच्या छातीत काहीतरी कोंबड्यासारखं फुगलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याची वाइन पिऊन कोणी डोळे मिटले होते. दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की त्याने बटाट्याची बशी बाजूला सारली. मेलेल्या मित्राची बाटली लपवायची आणि वर त्याच्या नावाची शाबासकी आपण खायची! सगळे पीत होते. नोएलीनने एक घोट घेऊन पेला खाली ठेवला होता, आणि ती पाहत होती. पेल्याकडे, क्लॅरीकडे नव्हे. ते जास्त वाईट होतं.

केक कापून झाल्यावर ती स्वयंपाकघरात बशा विसळायला गेली. स्वतःच्या वाढदिवसाच्या बशा स्वतः विसळणारी बाई. क्लॅरी मागोमाग गेला, उगाच एक फडका हातात घेतला आणि सगळं ओकला. मेंढी, टेस, तळघर, सुरई. डॅरिलच्या थापेने आपल्याला बरं वाटलं, हेसुद्धा. ते सांगताना त्याचे कान तापले. नोएलीन बशी विसळत राहिली.

"मला तोंड दाखवायला जागा नाही," क्लॅरी म्हणाला. "बाटली गाडीत आहे. पण नोएलीन, ती आता पिण्यासारखी राहिली नाही गं. नुसता चिखल झालाय."

नोएलीनने नळ बंद केला.

"गाळासकट पिईन, बाटली आण."