काट मारलेली घंटा

सकाळच्या चहाबरोबर मी फोनमधली माणसं निवडतो, तांदळातले खडे निवडावेत तशी. मामा रोज फुलांचं ‘सुप्रभात’ पाठवतात, त्यांना म्यूट केलं. सतत आजारपण सांगणाऱ्या वर्गमैत्रिणीलाही केलं. पूर्वी माणूस तोडायला निदान भांडावं लागायचं. आता त्याला कळतही नाही, बिचारा पाठवत राहतो. मला याचं हसू यायचं.

काल लेकीने फोटो काढायला तिचा फोन माझ्या हातात दिला. मेसेजची यादी उघडीच होती. ‘बाबा’ या नावापुढे काट मारलेली घंटा, आणि माझे न वाचलेले बेचाळीस मेसेज.

“बाबा, काढ ना!” ती गोड हसत म्हणाली.

फोटो छान आला. आज सकाळी तिला नेहमीसारखा गुलाब पाठवला. त्रेचाळिसावा.