बाईच्या पायातला जोर

आमच्या जुन्या डिझेल गाडीच्या ब्रेकचा व्हॅक्यूम पंप निकामी होत चालला होता, हे सगळ्यात आधी माझ्या पायाला कळलं. पण पाय बाईचा, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. आता लिहायला बसले तरी माझं डोकं फिरतं.

आमचं गाव अकोले तालुक्यात, घाटाच्या वर. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला संगमनेरला न्यावं लागतं. नवरा शाळेत शिक्षक, त्याला एवढ्या सुट्ट्या कोण देणार? मी घरी शिवणकाम करते, म्हणून ने-आण माझ्याकडे आली. एसटीचे धक्के आत्यांना सोसत नाहीत आणि जीपवाला माणसं कोंबल्याशिवाय जागचा हलत नाही. तेव्हा गाडी मीच चालवायची, हे ठरलेलं होतं आणि मला ते आवडतही होतं.

पावसाळा सरल्यावर घाट उतरताना ब्रेक कडक लागायला लागला. सपाटीवर काही नाही. उतारावर मात्र पहिल्यांदा दाबला की लागायचा, लगेच पुन्हा दाबला की जड व्हायचा, आणि तिसऱ्यांदा पायाखाली दगड. मी घरी हे अस्संच सांगितलं. नवऱ्यानं गाडी शाळेपर्यंत नेऊन आणली आणि म्हणाला, "ब्रेक चांगला आहे. तू जरा जोर लावून दाबत जा."

मग मी एकटी गॅरेजला गेले. मेकॅनिक आमच्या ओळखीचा, हाताला गुण असलेला माणूस. पण मी बोलत होते तोवर तो माझ्यामागे रस्त्याकडे बघत होता. माझं सांगून झाल्यावर म्हणाला, "सर न्हाई आले?" नंतर त्यानं गाडी रस्त्याला काढली, जरा पळवली, एकदाच कचकन ब्रेक मारला आणि परत आणली.

"ब्रेक एक नंबर हाय, वहिनी. बायांच्या पायात जोर कमी आसतो, म्हनून कडक वाटतो."

"एकदा नाही, उतारावर पाठोपाठ तीनदा दाबून बघा," मी म्हटलं. तो हसला. तरी माझं समाधान म्हणून त्यानं ब्रेकचे लायनर बदलून दिले.

माझ्या पायात जोर कमी. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज ज्या पायानं मशीन मारून शिवले, त्या पायात. हंडे घेऊन चढ चढताना हा जोर कमी पडल्याचं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. लायनर बदलले आणि घाटात पुन्हा तेच. मी पुन्हा सांगितलं. नवरा म्हणाला, "आता नवीन लायनर आहेत, आता काय राहिलं?"

मग व्हायचं ते झालंच. एका वळणाखाली दुधाचा टेम्पो अचानक थांबला. मी पहिला ब्रेक मारला, दुसरा मारला, तिसऱ्याला सीटला पाठ लावून दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहिले. गाडी थांबेना. स्टिअरिंग डोंगराकडे वळवलं आणि मातीच्या दरडीत गाडी घातली. दिवा फुटला. मागे बसलेल्या आत्यांचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं आणि टेंगूळ आलं.

संध्याकाळी भावकी जमली. प्रत्येकानं एकदा आत्यांच्या टेंगळाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. घाट हे बाईचं काम नाही, असं ठरलं आणि किल्ली नवऱ्याच्या खिशात गेली. गाडीत दोनच माणसं होती, त्यातल्या दुसऱ्या माणसाला, म्हणजे आत्यांना, कोणी काही विचारलं नाही. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, रागानं.

पुढच्या डायलिसिसला नवऱ्यानं रजा काढली. तो चालवायला, मी आणि आत्या मागे. घाट सुरू झाला. पहिला ब्रेक लागला. दुसऱ्याला त्याची मान ताठ झाली. मी मागून म्हटलं, "अहो, आता तिसरा दाबू नका, गिअर उतरवा." त्यानं दाबलाच. मग गिअर, मग हँडब्रेक, आणि गाडी कशीबशी कडेला उभी राहिली. त्यानं घाम पुसला आणि मेकॅनिकला फोन लावला. "अरे, गाडीला ब्रेक नाही," एवढंच म्हणाला.

एवढंच पुरलं. मेकॅनिक मोटारसायकलवर लगेच घाटात हजर. बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून अल्टरनेटरच्या मागच्या पंपाचा पाईप काढला आणि पंपाच्या तोंडावर अंगठा धरला. हा पंप हवा ओढतो आणि ब्रेकला बळ देतो. पंप चांगला असता तर अंगठा ओढला गेला असता.

"ओढच न्हाई, सर. पंप गेलाय. उतारावर सारखा ब्रेक मारला की आसंच व्हनार."

मी विचारलं, "हा अंगठा त्या दिवशी का नाही लावलात?"

तो खरंच गोंधळला. म्हणाला, "तवा सर काय बोलले न्हवते ना."

दगडावर बसलेल्या आत्या तेव्हा पहिल्यांदा बोलल्या, तेही लेकाशी. "ती ब्रेकवर उभी ऱ्हायली हुती. म्या पाह्यलं. मला कुनी इचारलंच न्हाई."

त्या दिवशी आम्ही एसटीनं गेलो.

नवीन पंप बसला. मेकॅनिकनं किल्ली नवऱ्याच्या हातात देत सांगितलं, "आता लोन्यासारखा ब्रेक हाय, वहिनींनाबी जमंल." मी नवऱ्याच्या हातातून किल्ली काढून घेतली. तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे. घाटात तीनदा पाठोपाठ ब्रेक दाबते, तिन्हीदा लागतो.

राग मात्र उतरत नाही. कारण त्या वळणावर डोंगराऐवजी दरीची बाजू असती, तर आत्या गेल्या असत्या, कदाचित मीही. मग सगळं गाव म्हणालं असतं, सुनेला गाडी झेपली नाही. आणि ते बॉनेट कोणी कधी उघडलंच नसतं.