नदीपारच्यांची बैठक

शामरावबाबू बैठकीत कोणालाही आधी स्वतःचं गाऱ्हाणं मांडू देत नसत. पहिल्यांदा समोरच्याचं म्हणणं सांगायचं. तो ‘बरोबर’ म्हणाला, की मगच आपलं. मुलांनो, त्यामुळे त्यांच्या बैठका फार लांबत आणि चहा दोनदा करावा लागे.

ते जैनथ या सीमेवरच्या गावी मंडल कचेरीत, म्हणजे तिथल्या तहसिलीत, कारकून होते आणि मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. त्यांचे आईवडील शेतमजूर, बौद्ध. घरात शिकलेले हे पहिलेच. खिशाला नेहमी दोन पेनं, एक निळं, एक लाल. “लाल साहेबाचं,” ते म्हणत, “आपल्याले ते फक्त सांबाळाचं.”

आदल्या हंगामात पैनगंगेपलीकडून कापूस वेचायला आलेली बारा कुटुंबं परत गेलीच नव्हती. शाळेमागे त्यांच्या झोपड्या होत्या; तीन पोरी माझ्या वर्गात बसत. बोली तीच, सणवार तेच. पण नदी म्हणजे राज्याची हद्द, म्हणून गावाच्या लेखी ते परके. शिवाय ते कमी मजुरीत वेचत, त्यामुळे गावच्या बायांना काम मिळेना. सोमवारपर्यंत झोपड्या उठल्या नाहीत तर आम्हीच उठवू, असं गावानं बजावलं. त्या आठवड्यात पोरी दप्तर मांडीवरून खाली ठेवत नव्हत्या.

रविवारी बाबूंनी शाळेच्या व्हरांड्यात शेतकरी, गावच्या मजूर बाया आणि नदीपारचे, सगळ्यांना एकत्र बसवलं. झोपड्यांचं सामान नदीवर नेऊन टाकायला दोन बैलगाड्या बाहेर आधीच उभ्या होत्या. माझी नजर सारखी तिकडे जाई.

मजूर बायांची पुढारी शेवंताबाई उसळलीच. “आमी काऊन त्यांचं सांगाव? बाबू, तुमचा बापही नदीपारचाच ना! आमचं दुखणं तुमाले काय समजते? आदी तुमीच आमचं सांगा!”

बाबूंनी चष्मा काढला. “खरं हाय. आजवर म्या तुमचं कदी सांगितलंच नाई.” मग हळूच म्हणाले, “शेवंताबाई, तुमी सकाळी भाकर बांधून शेतावर जाता. मालक म्हणते, आज नको, दुसरे आले. तीच भाकर घेऊन तुमी घरी येता, अन् लेकराईले सांगता का आज सुट्टी हाय. बरोबर?”

शेवंताबाईनं पदर तोंडाला लावला. “बरोबर,” ती म्हणाली.

नदीपारचा म्हातारा गणपत उठला. “हे आमाले कोनी सांगितलंच नवतं. गावच्या भावाखाली आमच्या बाया येचनार नाईत.”

“बाबू, आमचंच नुकसान करून राह्यले तुमी!” म्हणत एक शेतकरी पाय आपटत निघून गेला. पण गाड्या रिकाम्या परतल्या.

उन्हाळ्यात बाबूंची दूर बेल्लमपल्लीला बदली झाली. बसमध्ये चढताना ते म्हणाले, “बाई, कापूस फुटला का मले कळवजा. भेव हाय मले.” मलाही होतं. बाबूच नाहीत, तर दिलेला शब्द कोण पाळणार?

वेचणीच्या पहिल्या सकाळी मी शाळेमागे जाऊन उभी राहिले. शेवंताबाई आपल्या बायांना घेऊन तरातरा आली. पहिल्या झोपडीपुढे थांबून ती ओरडली, “ए महाराण्याहो, उन्ह वर आलं! आमी काय तुमच्यासाठी दिवसभर उभं राहाव?”

आतून हसू ऐकू आलं. मी घरी जाऊन पोस्टकार्ड घेतलं आणि बाबूंना तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून पाठवलं. त्याखाली स्वतःचं काही जोडलं नाही.