रोज एक घर

आमच्या शस्त्रागारातल्या काकांना 'लवकर' हा शब्द ऐकूच येत नसे. गोंदियाच्या पोलीस मुख्यालयात सगळी हत्यारं त्यांच्याच हाताखालून जायची, आणि सगळे शिपाई त्यांच्यावर वैतागलेले असायचे. मी सगळ्यांत जास्त.

राज्य नेमबाजी स्पर्धेसाठी माझी निवड झाली तेव्हा हातात फक्त आठवडा होता. माझ्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरला गोळ्यांची सहा घरं. भरताना गोळी प्रत्येक घराच्या धारदार कडेला अडकायची. कडा किंचित गोल करायला साहेबांनी लेखी परवानगी दिली. काम तासाभराचं. काकांनी मात्र रोज एकच घर घेतलं.

घर घासून झालं की ते कापसाची वात आत फिरवत. एक तंतू अडकला तरी पुन्हा घासत. मग निवांत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसत. "काका, बाकीची पण करून टाका ना!" मी डोक्यावर उभी.

"कायले घाई करून राहिली, बाई? एका घरात हात गरम होते. गरम हात लोखंड जास्त खाते."

सहाव्या दिवशी काम संपलं. संध्याकाळी माझी गाडी. मला सहावं घर अजून अडकतंय असं वाटत होतं. "बस. याच्यापुढं नाही," म्हणून काका चहाला गेले. हत्यार टेबलावरच होतं. मी कानस उचलली आणि त्या घरावर जोरात फिरवली. काकांनी ते आधीच तपासलेलं, त्यामुळे परत आल्यावर न बघताच माझ्या हाती दिलं.

स्पर्धेत गोळ्या सरसर भरल्या. झाडल्यावर मात्र मी जास्त घासलेल्या सहाव्या घरात रिकामं काडतूस फुगून अडकलं. ते निघेपर्यंत वेळ संपली होती.

चौकशी लागली. काकांनी सिलिंडर फिरवून सहावं घर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि कागदावर लिहिलं: काम माझे, चूक माझी. निवृत्तीला दोन महिने राहिलेले. कोऱ्या सेवापुस्तकात शेरा बसला.

मी भांडायलाच गेले. "काका, तुमाले माहीत होतं. काऊन लिहिलं असं?"

"हत्यार उघडं टाकून चहाले कोण गेलं? मीच ना. जा, सराव कर."

काय करावं अशा माणसाचं! मी तडक साहेबांच्या दारापर्यंत गेले. पडद्याला हात लावला आणि परत फिरले. नोकरी नवी होती, मी घाबरले.

काका आता गावी, केशोरीला, धान लावतात. त्यानंतर मी दोनदा राज्यस्पर्धा खेळले, एकदा पदकही आणलं. केशोरीला मात्र अजून गेले नाही.