विहीणबाईंची येळवस

आमच्याकडे चिपळूणच्या बाजूला गणपतीला जो घरी येत नाही, त्याच्याबद्दल गाव दोनच प्रश्न विचारतं : आजारी आहे का, की भांडलाय? गेल्या भाद्रपदात माझी एकुलती एक लेक मृणाल आली नाही, तेव्हा ती आजारी नव्हती आणि भांडलीही नव्हती. पुण्यातल्या तिच्या ऑफिसात रजा मोजूनमापून मिळते. उरलेली रजा तिला येळवसला राखून ठेवायची होती. येळवस (वेळा अमावस्या) म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, आणि त्या दिवशी तिच्या सासरी सगळे शेतात जाऊन जेवतात, एवढंच मला फोनवर कळलं. शेतात जेवायला मिळावं म्हणून या मुलीने माझा गणपती चुकवला, हे काही केल्या माझ्या घशाखाली उतरेना.

मार्गशीर्ष संपत आला तशी मी पिशवी भरायला घेतली. कोकमं, फणसपोळी, तळलेले गरे. एकदा डोळ्यांनी बघावं तरी लेकीच्या सासरी, त्या घाटनांदूरला, काय सोनं लागलंय, आणि पुढच्या गणपतीला येण्याचं वचन लेकीकडून घेऊनच परत फिरावं, असा माझा बेत होता. हे म्हणाले, "जाऊन ये. म्हणजे घरात जरा शांतता होईल." तेवढंच ते बोलले. मी ते लक्षात ठेवलं आहे.

लेक-जावई आधीच गावी गेले होते. मी एसटीने पुण्याला आले आणि तिथून दुसऱ्या गाडीने सकाळी अंबाजोगाईला उतरले. अंगावर शाल असूनही दात वाजत होते. आमच्या कोकणातली कितीतरी घरं जिला कुलदेवी मानतात ती योगेश्वरी इथलीच, म्हणून आधी देवळात गेले. कथा अशी सांगतात, की ही देवी मूळची आमच्याकडची. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, वऱ्हाड घेऊन निघाली, मुहूर्त टळला आणि ती इथेच राहिली. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण त्या दिवशी ती मला वेगळीच वाटली. मी हात जोडले आणि मनात म्हटलं, बाई गं, तूसुद्धा? कोकणातल्या पोरी एकदा इकडे आल्या की परतायचं नाव घेत नाहीत, ही खोड फार जुनी दिसते.

पुढे जीप मिळाली. शेजारी बसलेल्या बाईंच्या मांडीवर हिरव्या तुरीच्या शेंगांनी गच्च भरलेली पिशवी होती. त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, "कुन्या गावच्या तुमी?"

"चिपळूणची."

"अगं बया! येवढ्या लांबून कावून आलाव?"

"येळवसला."

बाईंचा चेहरा एकदम खुलला. "मंग तुमचं शेत हाय का हिकडं?"

"लेकीचं आहे," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं आणि मग माझं मलाच वाटलं, बघा, मी स्वतःच तिला इकडची करून टाकली. बाईंनी मला शेंगा सोलायला दिल्या आणि घाटनांदूर येईपर्यंत आम्ही दोघी सोलत होतो.

जीपपाशी घ्यायला आलेल्या जावईबापूंना, बालाजीरावांना, मी आधी सुट्टीचं विचारलं. आमच्या चिपळूणच्या घरातल्या कॅलेंडरात या दिवसाला लाल रंग नव्हता. शेजारच्या लातुरात जिल्हाधिकारी या दिवसाची सुट्टी देतात, असं ते म्हणाले. "आणि इथे?" मी विचारलं. बालाजीराव हसले. ते तसे फार हसतात. "इथं कुनी विचारत न्हाई, आई. उद्या बाजारात कुत्रं बी दिसनार न्हाई तुमाला." जावई मला आई म्हणतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार दुसरीकडे आहे.

ती दुसरीकडची बाई म्हणजे माझ्या विहीणबाई, कौसाबाई. ठेंगण्या, कपाळभर कुंकू, आवाज असा की तीन शेतांपलीकडे जावा. लग्नात पाहिल्या होत्या, पण लग्नात कोण कुणाला पाहतं! दारात भाकरतुकडा ओवाळून त्यांनी माझा हात धरला. "या इहीनबाई, लई वाट बगितली तुमची." मी गऱ्यांची पिशवी पुढे केली. त्यांनी तिथेच एक गरा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "लई भारी! मला येत न्हाई बगा असं काय." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? नाव ठेवायला जागाच ठेवत नाही ही बाई, याचाच मला राग आला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे दाणे पराती भरभरून सोललेले होते. सकाळी त्यांची भज्जी होणार होती (ही तळलेली भजी नव्हे, ओले दाणे, पालेभाज्या, चिंच आणि डाळीचं पीठ घालून शिजवलेली दाट भाजी). मडक्यात आंबील होती, म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ शिजवून, लसूण घालून आंबवलेली. माझी मुलगी, जिने माझ्या घरी कधी नारळ खवला नाही, ती पदर खोचून बाजरीचे उंडे (वाफवायचे गोळे) वळत होती. "आई, मीठ बघ ना," ती म्हणाली. मी उठले. तोवर कौसाबाईंनी बोट चाटून सांगितलंसुद्धा, "बरोबर हाय." मी तशीच खाली बसले. कुणी पाहिलं नाही. मीच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी गाव खरोखर ओस पडलं. दुकानांना कुलपं, पारावर कुणी नाही, आणि रस्त्याने बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली सगळ्या गावाबाहेर चाललेल्या. माझे व्याही आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन, अंगावर घोंगडी पांघरून पुढे अनवाणी चालत होते. मग शेत लागलं. कणसात आलेली ज्वारी डोक्यापेक्षा उंच, मधून हरभऱ्याचे पट्टे, कडेने करडई, आणि काळी जमीन नजर पोचेल तिथवर सपाट. आमच्याकडे माझ्या वाट्याला आलेली जमीन म्हणजे एक उतार, त्यावर चार काजू, आणि चुलत दिरांशी बांधावरून चाललेला वाद. मला ती जमीन हवीशी वाटली. आणि ती माझ्या लेकीची आहे याचा आनंद व्हायच्या आधी, ती कौसाबाईंची आहे याचं पोटात दुखलं. जे झालं ते लिहिते आहे.

शेताच्या मधोमध कडब्याच्या पेंढ्यांची कोप (खोपी) उभी केली होती आणि तिच्यावर एक जरीची साडी टाकली होती. आत चुना लावलेले पाच दगड. "पांडव हायेत ते," कौसाबाई म्हणाल्या. पूजा झाली, नैवेद्य दाखवला, मग व्याही आणि बालाजीराव पळसाच्या पानाने आंबील पिकावर शिंपडत, मोठ्याने आरोळ्या देत शेताला फेरी घालून आले. शेजारच्या शेतात कोप नव्हती. तिथलं कुटुंब ऊसतोडीला गेलं होतं. कौसाबाईंनी तांब्याभर आंबील घेतली, बांध ओलांडला आणि त्या शेतावरही शिंपडून आल्या. "त्यांच्या पिकानं काय उपाशी ऱ्हावं का?" म्हणाल्या. हे एक बाकी होतं. चांगुलपणातसुद्धा मला मागे टाकायचंच ठरवलं होतं या बाईने.

जेवणाबद्दल मी खोटं बोलणार होते, पण वाचकांशी खोटं बोलवत नाही. भज्जी अप्रतिम होती. चिंचेचा आंबटपणा, कोवळ्या दाण्यांचा गोडवा, वर तेल. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी, आणि वाटीवाटीने गार आंबील. बांधावरून कुणीही जाऊ दे, कौसाबाई उभ्या राहून हाक मारत होत्या, "या वो, जेवून जावा!" आणि माणसं खरंच येऊन बसत होती. ओळखीची, अनोळखी, एक तर रस्ता चुकलेला औषध कंपनीचा माणूस होता. मी तीनदा भज्जी घेतली. मृणालने ते पाहिलं आणि काही बोलली नाही, हे तिचे माझ्यावर उपकार.

जेवणं झाल्यावर तिने ज्वारीतून हाक दिली, "आई, इकडे ये, कणसं बघ केवढी!" आम्ही दोघीही उठलो. ती कौसाबाईंना बोलवत होती; त्यांनाही ती आईच म्हणते. मी साडीवरची माती झटकायला उठले होते असं दाखवलं आणि बराच वेळ झटकत राहिले. वचन मागायचं होतं ते मागायला तोंड कसं उघडणार? जिला इथे एवढं सगळं आहे, तिला माझ्या चार मोदकांसाठी रजा टाक म्हणून सांगायचं?

ऊन कलल्यावर मोकळ्या जागेत तीन ढेकळं मांडून गोवऱ्या पेटवल्या. त्यावर नवं बोळकं (लहान मडकं) ठेवून त्यात दूध घातलं. सगळे भोवती हात जोडून बसले. मी जाळाच्या सगळ्यात जवळ होते, कारण थंडी मलाच वाजत होती.  दूध तापलं, कडेने बुडबुडे आले, साय थरथरली, आणि मग ते फसफसून वर यायला लागलं. मी सगळ्यांकडे पाहिलं. एवढी माणसं बसलीत आणि एकही हलत नाही! मी पदर हाताला गुंडाळला आणि दूध काठावर येणार तेवढ्यात बोळकं उचलून खाली ठेवलं.

जन्मभर हेच केलंय. दूध उतू जाताना बघत बसणारी बाई आमच्यात जन्माला यायची आहे.

"आरं देवा," व्याही पुटपुटले.

बालाजीरावांनी मग हळू आवाजात सांगितलं. हे दूध उतू जाऊ द्यायचं असतं. ज्या दिशेला जाईल, त्या दिशेला पुढच्या वर्षी पाऊसपाणी आणि पीक चांगलं. "आणि गेलंच नाही तर?" मी विचारलं. त्याचं उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण इतक्या वर्षांत कुणी ते खाली उतरवलंच नव्हतं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बरं, ती काळी जमीन भेगाळते म्हणतात, पण नेमकी तेव्हा भेग कुठे दिसेना. आणि पदर पातळ असल्यामुळे माझी बोटं पोळली होती ती वेगळीच.

"आई! हात बघू!" मृणाल धावत आली. कौसाबाईही पुढे झाल्या होत्या, पण लेक त्यांना ओलांडून माझ्याकडे आली. तिने माझी बोटं उरलेल्या आंबिलीच्या वाटीत बुडवून धरली. बोटं चांगलीच चुरचुरत होती, आणि तरी मला बरं वाटलं. बरोबरी झाली, असा हलका विचारही मनात येऊन गेला.

कौसाबाईंनी बोळक्यात आणखी थोडं दूध ओतलं आणि ते पुन्हा जाळावर ठेवलं. "दूध काय रुसत न्हाई, इहीनबाई. येतंय परत." आणि आलं. या वेळी मी हात पाठीमागे बांधून बसले. दूध वर आलं, क्षणभर काठावर थांबलं आणि एका बाजूने ओघळून गोवऱ्यांवर चुर्र झालं.

"मावळतीला गेलं," व्याही म्हणाले. "तिकडं आपली जवारी."

"त्याच्या बी पुढं कोकण हाय, दादा," बालाजीराव म्हणाले, आणि सगळे हसले. मीही.

भांडी आवरताना कौसाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. तांब्या घासायला घेतला. मग खाली बघतच म्हणाल्या, "गणपतीला मी पुन्यात गेलते पोरीकडं. तुमची आरती फोनवर बगितली तिनं, तवा फोन मीच धरलता. हात कापत व्हता माजा." ती आरती मला आठवली. मृणालचं नुसतं कपाळ हलत होतं आणि मी नेटवर्कच्या नावाने बोटं मोडत होते. "मोदकाचं ताट दिसलं अन् रडली बगा. मी इथं येवढं करून घालते, पन तसं तोंड न्हाई झालं तिचं कवा. लई जळले मी तवा तुमच्यावर. खोटं कशाला बोलू?"

मी दुसरा तांब्या ओढून घासायला घेतला. वचन मागायला ही वेळ चांगली होती, हे मला कळत होतं.

"आमची येळवस हाय, हितं कुनाला बोलवावं लागत न्हाई," त्या म्हणाल्या. "पन गणपतीला बोलावल्याबिगर कसं यावं? तुमी दर साली पोरीला एकलीलाच बोलवताव. आमाला बी बोलवा की एकदा."

मी चिपळूणहून लेकीला मागायला आले होते. आणि ही बाई माझ्याकडे काय मागत होती! "या," मी म्हटलं. "सगळे या." म्हणताना माझा आवाज हवा तसा निघाला नाही, पण निघाला.

परतीच्या वाटेवर, एसटीत, मला घाम फुटला. वचन मागायची गरजच उरली नव्हती, कारण आता लेक एकटी येणारच नव्हती. माझ्या घरी, माझ्या ओट्याशी, ती कौसाबाईंना आई म्हणणार आणि मी शेजारी उभी राहून नारळ खवत ऐकणार. वर त्या माझा मोदक खाऊन "लई भारी" म्हणणार. घरी पोचल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एवढा त्रास होतोय तर मग बोलावू नकोस."

"बोलावलंय," मी म्हटलं.

ते पेपरात डोकं घालून बसले. जळफळाट गेला असं मी म्हणणार नाही. बोटांवरचे फोड एव्हाना बरे झाले, जळफळाटाला वेळ लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध गॅसवर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत उभी राहिले. दूध वर आलं. हात बटणाकडे गेला, तो मी मागे घेतला. दूध चारी बाजूंनी उतू गेलं. शेगडीवर दिशा कळत नाही. आतून आवाज आला, "अगं, दूध गेलं वाटतं!" मी म्हटलं, "जाऊ दे." मग फडकं ओलं करून ओटा पुसायला घेतला, आणि घाटनांदूरच्या मंडळींची पानं कुठे मांडायची, ते पुसता पुसता ठरवून टाकलं. कौसाबाईंचं पान माझ्या शेजारी.