मिसकॉल देऊ नका

नवख्यांसाठी माहितीचा कागद लिहायला बसलं की कागद एकच होतो, किस्से मात्र गोणीभर साचतात. भूममध्ये आमचं मोबाईल स्टार्टरचं दुकान आहे. डबा विहिरीवर, आत सिमकार्ड. घरून फोन लावायचा, एक दाबलं की मोटर चालू, दोन दाबलं की बंद. हे कुणालाही कळेल असं लिहायचं, एवढं माझं काम. डिप्लोमा मी दुसऱ्या वर्षाला सोडला. सोडला, सुटला न्हाय.

*

माझा कागद वाचून मालक, म्हणजे अण्णा, नाराज. "लई सोपं झालंय. गिऱ्हाईकाला वाटंल, ह्यात काय विशेषच न्हाय."

मग कागद गेला सरांकडं. सर रिटायर मुख्याध्यापक, अण्णांना शिकवलेले अन् मलाही. त्यांनी चार पानं लिहून पाठवली. पान एक, विजेचा शोध. पान दोन, विजेचे फायदे. फोन कुठं लावायचा ते पान चारवर, तेही तळाला. वर मला निरोप : शिक्षण अर्धवट टाकणाऱ्यानं दुसऱ्याला शिकवू नये.

अण्णांनी तोडगा काढला. महिनाभर अर्ध्या गिऱ्हाइकांना सरांचा कागद, अर्ध्यांना माझा. ज्याच्या कागदावर तक्रारी कमी, त्याचा छापायचा. मी हरले तर लिहिणं बंद, काउंटरला बसून वायर मोजायची.

*

पहिली तक्रार माझ्याच कागदावर! शेजारच्या वाशी तालुक्यातले एक काका, मोटर चालूच होईना. मेकॅनिक तीनदा जाऊन आला, डबा ठणठणीत. शेवटी त्यांना दुकानात बोलावून म्हटलं, माझ्यासमोर फोन लावा. त्यांनी लावला, एक रिंग झाली, कापला, खिशात टाकला.

"काका, कापला का?"

"मिसकॉल दिला की. गरज आसंल तर मोटर करंल उलटा फोन."

उभ्या जन्मात या माणसानं स्वतःच्या फोनची दुसरी रिंग ऐकली नव्हती. त्याच दिवशी कागदाच्या डोक्यावर ओळ आली : मिसकॉल देऊ नका.

*

एक आत्या रागावून आल्या. डब्यातली बाई 'मोटर चालू झाली आहे' म्हणाली, म्हणून आत्यांनी आपलेपणानं विचारलं, जेवलीस का. बाई गप्प.

"तुमची बाई लई शिष्ट हाय," आत्या म्हणाल्या.

दुसरी ओळ : आतला आवाज रेकॉर्ड केलेला आहे, त्याला काही विचारू नका.

*

सरांचा कागद मिळालेल्या माकणीच्या एका गिऱ्हाइकाला मी मुद्दाम फोन केला. जमलं का?

"पान दोनपर्यंत आलोय. झकास लिहिलंय. तवर लाईट गेली."

*

महिना संपायला दोन दिवस राहिले अन् सरांच्याच शेतावरून फोन आला, डब्यात उंदरानं वायर कुरतडलीय. मेकॅनिकबरोबर मीही गेले. ही मजा कोण सोडतंय?

सर बांधावर पाठ करून उभे. मेकॅनिकनं डब्याचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला कागद चिकटवलेला होता. एकच पान. वर ठळक : मिसकॉल देऊ नका. लाल पेनानं चार ठिकाणी दुरुस्त्या, अन् खाली सही करून 'दहापैकी सहा'.

मी मोबाईल बाहेर काढला.

सर वळलेसुद्धा नाहीत. "फोटो काढू नकोस. झाकण लाव, आत धूळ जाते."